सत्तावन्नाव्या वर्षी बेस गिटार, तीही क्लासशिवाय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय ५७, मुक्काम नाशिक, भजनी मंडळात पेटी वाजवता. भाचा परदेशी जाताना त्याची चार तारांची बेस गिटार घरात ठेवून गेला आणि तुम्ही ती हातात घेतलीत. क्लासला जायचं नाही, कारण तिथे सगळी दहावी-बारावीची मुलं. दोन महिने व्हिडिओ बघून डाव्या हाताचे व्यायाम केलेत: पहिल्या चार फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर, पुन्हा मागे. करंगळी पोचत नाही, मनगट दुखतंय, टॅब (कुठली तार, कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेला कागद) वाचता येतो पण त्यातून गाणं काही निघत नाही. आणि शेवटी विचारलंत, उशीर झाला का?

उशीर झालेला नाही. पण सुरुवात चुकीच्या हातापासून केलीत.

ऑर्केस्ट्रात बेस वाजवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता माझ्याकडे जे शिकायला येतात त्यांत पन्नाशी ओलांडलेले बरेच असतात. मुलांचा डावा हात पळतो आणि लय मागे सांडते. मोठ्यांचा डावा हात अडखळतो, पण ज्यांनी टाळ, पेटी, तबला असं काहीतरी केलंय त्यांना सम कुठे आहे हे सांगावं लागत नाही. बेसला ही दुसरी गोष्ट जास्त लागते. बेसवाल्याला कोणी वेगासाठी ठेवत नाही. खालचा सूर नेमक्या जागी पडावा आणि नेमक्या जागी थांबावा म्हणून ठेवतात. तरीही बहुतेक व्हिडिओ डाव्या हाताच्या कवायतीने सुरू होतात. त्याचं कारण साधं आहे, कॅमेऱ्यात डावा हात दिसतो. सूर कुठे थांबवला ते दिसत नाही.

हाताची चौकशी करण्याआधी वाद्याची करा. गिटार वर्ष-दोन वर्षं भिंतीला टेकून पडून असेल तर तिची नेक, म्हणजे दांडा, थोडीफार वाकलेली असण्याचीच शक्यता जास्त. चार तारा मिळून नेकवर पाऊण क्विंटलच्या आसपास ताण असतो. तो तोलायला नेकच्या आत लोखंडी सळी असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. हवा कोरडी-दमट झाली की लाकूड हलतं आणि तारांची उंची बदलते. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट कोणाला तरी बघायला सांगा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास असली की ठीक. जास्त असेल तर सळी घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळायची, त्याहून जास्त नाही, आणि काही तास वाद्य तसंच ठेवून पुन्हा बघायचं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असावी. चार-पाच भरली तर दुखणं तुमच्या हाताचं नाही, गिटारचं आहे. स्वतः करायला धजत नसाल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन 'सेटअप करून द्या, ॲक्शन खाली घ्या, नट उंच आहे का तेही बघा' एवढं सांगा. ॲक्शन म्हणजे तारांची उंची, नट म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. स्वस्त गिटारींत नट उंच असतो आणि नेमक्या पहिल्या दोन फ्रेटवरच तार दाबताना जीव जातो, जिथे नवखा माणूस सगळा वेळ घालवतो.

तारा गंजल्या असतील तर बदलाच. बदलताना फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) घ्या असं मी तुमच्या वयाच्या बहुतेकांना सांगतो. राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारेवर बोट सरकताना खरखरतं आणि बोटाची कातडीही सोलते. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज जुन्या गाण्यांतला गोल, आणि वर्षानुवर्षं टिकते. महाग पडते आणि ताण थोडा जास्त असतो, म्हणून हलक्या जाडीचा संच मागा.

आता ती करंगळी. बेसचं प्रमाण माप ३४ इंच आहे, नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंत. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून हेच माप रुळलं. या मापात पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळपास १३ सेंटिमीटर भरतं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच अंतर सव्वादहाच्या आसपास येतं. म्हणजे 'एक बोट, एक फ्रेट' हा नियम वरच्या फ्रेटवर सहज जमतो आणि खाली, नटजवळ, चांगल्या लांब बोटांच्या माणसालाही ताणतो. पण नवख्याला नेमका तिथेच तो शिकवतात.

फेंडरच्या आधी बेस म्हणजे उभा डबल बेस, त्याचं माप याहून कितीतरी मोठं. तिथे वादकांनी केव्हाच मार्ग काढला होता: तर्जनी एका सुरावर, मधलं बोट पुढच्या सुरावर, आणि अनामिका-करंगळी जोडीने तिसऱ्या सुरावर. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि डबल बेस शिकणारे बरेच जण आजही तिनेच शिकतात. तुम्ही पाचव्या फ्रेटपर्यंत हीच वापरा. हाताखाली चारऐवजी तीन फ्रेट येतील. चौथा हवा असेल तर अख्खा हात सरकवायचा. हात ताणायचा नाही, सरकवायचा. अनामिकेचा आधार मिळाला की करंगळी आपोआप कामाला लागते.

मनगटाबद्दल. आधी बघा की दुखतंय कुठे. बोटांची टोकं हुळहुळणं हे दुखणं नव्हे, तीन-चार आठवड्यांत जातं. पंजा दमणं म्हणजे जरुरीपेक्षा जास्त दाबणं. याची परीक्षा अशी: सूर वाजत असताना अंगठा नेकच्या मागून काढून घ्या. सूर तरीही टिकला पाहिजे, दाब हाताच्या वजनाचा हवा, चिमटीचा नको. आणि बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तार खरखरते ती वेगळी. बसायला हात नसलेली खुर्ची घ्या, बसूनही पट्टा लावा, आणि नेकचं टोक खांद्याच्या उंचीकडे वर येऊ द्या. बरेच जण नेक जमिनीला समांतर धरतात, त्यात डावं मनगट काटकोनात मुडपतं.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ मारत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर विशेष लक्ष द्या: वाकवलेलं बोट अडकून खटकन सरळ होण्याचा त्रास मधुमेह्यांत जास्त आढळतो आणि 'सरावाने जाईल' म्हणून ताणत राहिलं की वाढतो. रोज वीस मिनिटं, मध्ये एक विश्रांती, एवढ्याने प्रगती होते. रविवारी तीन तास बसून सोमवारी मनगटाला पट्टी बांधण्यात अर्थ नाही.

उजव्या हाताकडे येऊ. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. तार छेडल्यावर बोट पुढच्या जाड तारेवर येऊन टेकतं, तिथेच विसावतं. यामुळे ती तार गप्पही राहते. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर) ठेवा, आणि बारीक तारांवर गेलात की अंगठा जाड तारेवर आणून ठेवा, म्हणजे ती मागे घुमत राहणार नाही. बेसचा निम्मा अभ्यास नको असलेल्या तारा गप्प ठेवण्याचा आहे. जोरात ओढू नका. जोर ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या खोक्याला) करू द्या.

दोन बोटं आलटून पालटून जमत नसतील तर खंत करू नका. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत. लॉस एंजलिसच्या कॅरल के मुळात गिटारवादक. १९६३ मध्ये त्या बेसकडे वळल्या आणि पिकनेच (तार छेडायच्या छोट्या चकतीनेच) वाजवत राहिल्या. तुमची बोटं आखडत असतील तर पिक घ्या. पिकने वाजवणं कमी दर्जाचं, असं मुलं सांगतील; सांगू देत.

मग वाजवायचं काय? तबल्याचं कुठलंही ॲप उघडा, केरवा लावा, मात्रा मिनिटाला ८० च्या आसपास. धा गे न ति, न क धि न. या आठ मात्रांत बायाँ, म्हणजे डग्गा, उघडा कुठे वाजतो ते ऐका: पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. सहावीचा 'क' बंद असतो. तबलजीचा डावा हात खालच्या आवाजाचा आराखडा तुम्हाला आधीच काढून देतोय. पहिल्या आठवड्यात एकच सूर घ्या. समेला वाजवा, चार मात्रा धरा, आणि पाचव्या मात्रेवर, खालीच्या 'न' वर, बंद करा. उरलेल्या चार मात्रा शांत. ऐकायला हे पोरकट वाटतं. फोनवर रेकॉर्ड करून बघा: सुरुवात बहुतेकांची जागेवर येते, शेवट येत नाही. सूर साडेतीन मात्रांवर सांडतो किंवा पाचवीवर लोंबकळतो. पेटीवाल्यांना हे अवघड जातं, कारण पेटीवर सूर एकात एक गुंतवत नेण्याची सवय असते. सूर बंद करताना डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा, म्हणजे तार तिथेच गप्प होते.

हे जमलं की समेला सा आणि सातव्या मात्रेच्या 'धि' वर पंचम, पुन्हा समेला सा. बस, एवढ्यात गाणं चालायला लागतं. मग दादरा. मग लय वाढवू नका, कमी करा. ८० वरून ६०, ६० वरून ४५. द्रुत लयीत दोन मात्रांमधलं अंतर थोडं असतं, चूक लपते. विलंबित लयीत ती उघडी पडते. पुढे कधी ड्रमच्या गाण्यांकडे वळलात तर मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) टोला एक-तीनवर न धरता दोन-चारवर धरायला शिका, कारण तिथे स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) पडतो. पण ते नंतर.

आता सुरांचा नकाशा. इथे तुम्ही क्लासमधल्या मुलांच्या पुढे आहात, फक्त व्हिडिओ तुम्हाला ते सांगत नाहीत. मोकळ्या चार तारा, जाडीकडून बारीककडे, पेटीच्या भाषेत अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. एक फ्रेट म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, काळी असो की पांढरी. लगतच्या दोन तारांत सगळीकडे शुद्ध मध्यमाचं अंतर आहे. मग कुठल्याही फ्रेटला सा माना: त्याच फ्रेटवर पुढची बारीक तार म्हणजे मध्यम. तिथून दोन फ्रेट पुढे पंचम. सा पासून दोन तारा ओलांडून दोन फ्रेट पुढे वरचा सा. दोन तारा ओलांडून त्याच फ्रेटवर कोमल निषाद, एक फ्रेट मागे शुद्ध धैवत. शुद्ध गंधार पुढच्या तारेवर एक फ्रेट मागे, कोमल गंधार सा च्याच तारेवर तीन फ्रेट पुढे. आणि सगळ्यात उपयोगी: सा च्याच फ्रेटवर लगतची जाड तार म्हणजे मंद्र पंचम. बोट आडवं टेकवलं की दोन्ही हाताखाली.

पेटीवर पट्टी बदलली की बोटं बदलतात. इथे आकृती तीच राहते, हात फक्त सरकतो. काळी एक हवी असेल तर पांढरी सहाच्या तारेवर चौथा फ्रेट. काळी दोन, सहावा. काळी पाच, पहिला. पांढरी चार, जाड तारेवर पहिला. गायकाने ऐन वेळी 'आज आवाज बसलाय, अर्धा सूर खाली घ्या' म्हटलं की पेटीवाला कपाळावर आठी आणतो, आपण एक फ्रेट मागे येतो.

मात्र पेटीची एक सवय तुम्हाला सोडावी लागेल आणि ती करंगळीपेक्षा चिवट आहे. पेटीवाला गायकाच्या मागोमाग सूर न सूर जातो. डावा हात भात्यावर, उजवा चालीवर. चाल सोडून खाली काय चाललंय हा विचार करण्याची वेळच येत नाही. बेसवर गायकाच्या मागे गेलात की सगळं गढूळ होतं. बेसचा सूर चालीतला नसतो, चालीच्या खालचा असतो, आणि तो बदलला की वरच्या सुराचा अर्थ बदलतो.

याचा अनुभव घ्यायला एक प्रयोग करा. पेटीवर शुद्ध गंधार सलग दोन मिनिटं धरून फोनवर रेकॉर्ड करा. तो लावा आणि खाली बेसवर सा धरा. गंधार उजळ, निवांत लागेल. आता सा सोडून त्याच तारेवर तीन फ्रेट मागे या, मंद्र धैवतावर. गंधार तोच, हलला नाही, पण आता तो उदास आहे. मग मंद्र पंचम: गंधार अधांतरी, कुठेतरी जायच्या बेतात. मग मध्यम घ्या आणि काय होतं ते बघा. मेजर, मायनर वगैरे नावं तुम्हाला नंतर कोणीही सांगेल. आधी हा फरक कानाने पकडा. माझ्याकडे येणाऱ्या पेटी-तबल्यावाल्यांना मी पहिल्या बैठकीत हाच प्रयोग देतो, स्केल नाही.

यानंतर साधी गाणी कानाने बसवता येतात. गाणं लावा, सा शोधा, आणि फक्त सा च्या आधारावर ऐकत राहा. जिथे सा घासायला लागतो तिथे मध्यम किंवा पंचम करून बघा. नसेल तर धैवत, मग रिषभ. कोमल गंधाराच्या गाण्यांत कोमल निषाद आणि कोमल धैवतही शोधात घ्या. साध्या चालीच्या बऱ्याच गाण्यांचं काम चार सुरांत भागतं. हल्ली ध्वनिमुद्रणातून बेस, ड्रम, गाणं वेगवेगळं करून देणारी मॉइझेससारखी ॲप्स आहेत. बेस एकटा ऐका, मग बेस बंद करून तिथे तुम्ही वाजवा. राहुल देव बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस असा सुटा करून ऐकण्यासारखा आहे. तो कुठे वाजत नाही, तेही नोंदवत जा. व्हिडिओ बघायचेच असतील तर एक शिकवणारा धरा आणि त्याची मालिका क्रमाने पुरी करा. पाच जणांचे पाच पहिले धडे बघण्याने कोणी दुसऱ्या धड्यावर पोचत नाही. वेग कमी केला तरी सूर उतरत नाही, त्यामुळे पाऊण वेगाने बघायला संकोच नको.

टॅबबद्दल माझं मत वाईट आहे. टॅब बोट कुठे ठेवायचं सांगतो, कधी आणि किती वेळ ते बहुतेक सांगतच नाही, आणि बेसमध्ये तेच तर हवं असतं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, ही खरी विद्या आहे. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा एवढा दबदबा होता त्यामागे पॅरिश शाळांमध्ये लहानपणी मिळालेलं नोटेशनचं शिक्षण होतं. स्टुडिओत किंवा चर्चच्या गायकवृंदासोबत वाजवायचं असेल तर बेस क्लेफ, म्हणजे त्याच लिपीतली खालच्या सुरांची मांडणी, शिका. तुम्हाला आज त्याची गरज नाही. वहीत आठ मात्रांचे रकाने आखा, वर ठेका, खाली सा-म-प, आणि सूर जितका धरायचा तितकी पुढे रेघ. बेसची वही अशीच असावी असं मला वाटतं.

ऐकण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झच्या आसपास कंप पावते. फोनच्या स्पीकरमधून एवढं खालचं बाहेर पडतच नाही. आपण फक्त वरचे उपस्वर ऐकून अंदाज करतो. म्हणून फोनवर गाणं लावून 'बेस ऐकूच येत नाही' अशी तक्रार करू नका, तारेचे हेडफोन लावा. ब्लूटूथचे नकोत, वाजवताना तर नकोतच: त्यांत आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे येऊ शकतो, आणि १२० च्या लयीत पाव मात्रा म्हणजे अवघे १२५ मिलिसेकंद. अख्खी पाव मात्रा मागे पडणाऱ्या आवाजाशी लय कशी जुळवणार? फोनचा ट्युनर जाड तारेला गोंधळतो त्यामागेही हा खालचा सूरच आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, सप्तक वरचा स्वच्छ सूर येतो, त्यावर जुळवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ॲम्प रात्री लावू नका, खालचे सूर भिंतीतून शेजाऱ्यांकडे आधी पोचतात. हेडफोनची सोय असलेला छोटा बेस ॲम्प पुरतो. साध्या गिटारच्या ॲम्पमध्ये बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटतो. आणि वयाची काळजी इथे तरी नको: उतारवयात ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या, तीव्र आवाजांचं.

कोणासोबत वाजवायचं? कराओके मंडळींसोबत नको. सध्या तुमच्या वयाच्या लोकांत कराओकेचे ग्रुप खूप आहेत आणि ते आनंदाने बोलावतील, पण त्या ट्रॅकमध्ये बेस आधीच भरलेला असतो. दोन बेस एकमेकांवर चढले की खाली नुसता घोळ होतो आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. त्यापेक्षा एक साधी गिटार वाजवणारा आणि एक गाणारा गाठा.

तुमच्या भजनी मंडळात चालेल का, तर जपून. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमार आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून ॲम्पवर बेसचं बटण कमी आणि मिडचं (मधल्या सुरांचं) थोडं वर ठेवा. दुसरं म्हणजे, रागात बांधलेल्या अभंगाखाली गिटारच्या कॉर्डप्रमाणे सूर बदलत बसू नका. तिथे तानपुऱ्याचं काम करा: सा आणि पंचम, ठेक्याशी जुळवून. अभंग मालकंसात असेल तर पंचम वर्ज्य, तिथे सा आणि मध्यम. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण बेस हातात आला की चांगले जाणकारही सवयीने पंचमावर बोट ठेवतात. गवळण, भावगीत, फिल्मी चालीवरची भजनं, इथे मात्र सूर बदलायला भरपूर वाव आहे.

क्लासला जायचं नाही हे मला पटतं. पण तीनेक महिन्यांनी एखाद्या जाणत्या बेसवाल्याकडे एकदा बसून या. एका बैठकीचे पैसे आधीच ठरवा आणि सांगा, 'शिकवू नका, पाऊण तास फक्त माझे हात बघा.' स्वतःचं मनगट किती मुडपलंय, उजवा खांदा का वर चढलाय, हे स्वतःला दिसत नाही. मोबाइल समोर ठेवून चित्रण केलं तर थोडंफार दिसतं.

सेटअप झाला, तीन फ्रेटची पद्धत बसली, बसणं सुधारलं, आणि तरीही हात कुरकुरतच असेल, तर आखूड मापाचा बेस घ्या. ३० इंची मापात पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साडेअकरा सेंटिमीटरवर येतं. दीड सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, हाताला वाटत नाही. ही काही पोरांची गिटार नव्हे, पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर याच मापाचा आहे. स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची आहे, आयबनेझचा मिक्रो त्याहूनही आखूड. वापरलेला घेत असाल तर दुकानात चार गोष्टी बघा: ब्रिजकडून नेककडे एका डोळ्याने पाहिलं तर नेक पिळवटलेली नको; ट्रस रॉड फिरतो का; प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे सूर मरतो का; आणि पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहिल्यावर नेकचं टोक स्वतःहून खाली झुकतं का. झुकत असेल तर ती गिटार सोडून द्या, कारण तिला तोलून धरण्याचं काम तुमचं डावं मनगटच करणार आहे. पट्टा रुंद, आतून खरबरीत चामड्याचा घ्या, तो खांद्यावरून घसरत नाही.